नॅरोगेजवर उतरवलेलं डिझेल दर पंधरा दिवसांनी रूळ का सोडतं?

टेबलावरच्या छोट्या आगगाड्यांच्या, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या छंदात ही तक्रार ओळखीची आहे. दुसऱ्याच कुठल्या गाडीची यंत्रणा घेतली, तिच्यावर एखाद्या चमत्कारिक डिझेल इंजिनाची बॉडी चढवली, मॉडेल नॅरोगेजच्या, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांवर ठेवलं आणि ते धावलं. दोन दिवस कौतुकात गेले. तिसऱ्या दिवशी एका ठरावीक पॉइंटवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी, त्यानं रूळ सोडला. एका ॲक्सलवरच्या, म्हणजे एका आसावरच्या दोन चाकांमधलं अंतर मोजलं, कमी भरलं, नीट केलं, पुन्हा धावलं. पंधरा दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न. तोच पॉइंट, तोच ॲक्सल, तीच दुरुस्ती.

माझ्या टेबलावर हा खेळ चार महिने चालला. तेवढ्यात मी तो पॉइंट तीनदा उखडून बसवला, एकदा नवा आणून लावला, खालची फळी रंधा मारून सपाट केली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. रुळात काहीच दोष नव्हता. बाकीची सगळी इंजिनं त्याच पॉइंटवरून मुकाट जात होती, आणि एवढ्यावरून पहिल्याच दिवशी उमगायला हवं होतं. पण स्वतःच्या हातानं घडवलेल्या इंजिनावर संशय घ्यायला जीव होत नाही. रुळावर लगेच होतो.

शेवटी सापडलं ते असं: एक दोष दिसत होता आणि दुसरा त्याला दर पंधरवड्याला नव्यानं जन्म देत होता. मी फक्त दिसणारा दुरुस्त करत होतो.

यंत्रणा एकाची, बॉडी दुसऱ्याची

हे सगळं ९ आणि १२ मि.मी.च्या रुळांबद्दल आहे. ९ मि.मी.चा रूळ मुळात एन गेजचा, म्हणजे १:१६० प्रमाणात १४३५ मि.मी.च्या स्टँडर्ड गेजसाठीचा. (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर.) त्याच रुळावर १:८७ ची बॉडी ठेवली की गेज होतं ७८३ मि.मी.; खऱ्या ७५०, ७६० आणि ७६२ मि.मी.च्या गाड्यांना ते डोळ्यांना पटतं. १:७६.२ प्रमाणात तोच रूळ ६८६ मि.मी. होतो, म्हणजे बरोबर सव्वादोन फूट. १२ मि.मी.चा हिशेब त्याहून सुबक आहे. टीटीच्या, म्हणजे १२ मि.मी. रुळावरच्या, १:१२० यंत्रणेवर १:७६.२ ची बॉडी ठेवा, ३ फुटी गेज तंतोतंत मिळतं. १:८७ ची ठेवा, १०४४ मि.मी. म्हणजे जवळपास मीटरगेज मिळतं.

म्हणून या छंदात तयार नॅरोगेज यंत्रणेची वाट कुणी बघत बसत नाही. लहान प्रमाणाच्या गाडीची चासी, म्हणजे चाकं-मोटरसकट खालचा सांगाडा, घ्यायची आणि तिच्यावर मोठ्या प्रमाणाची बॉडी बसवायची. पण त्या चासीला हे ओझं ठाऊक नसतं. ती तिच्या मूळ बॉडीसाठी बनलेली असते, आणि ती बॉडी आपल्या बॉडीच्या जवळजवळ निम्म्या मापाची. आपण तिच्या अंगावर रुंद, उंच आणि दोन्ही टोकांना बाहेर लोंबणारी पेटी ठेवतो. आणि ही चूक दहाव्या मिनिटाला कळत नाही, दहाव्या दिवशी कळते.

खऱ्या रेल्वेनंही असले उद्योग भरपूर केले आहेत. आयर्लंडमधलं 'फिनिक्स' तर जन्मानं डिझेल नव्हतंच. १९२८ च्या सुमाराचा तो ॲटकिन्सन-वॉकरचा वाफेवरचा ट्रॅक्टर, क्लॉगर व्हॅली रेल्वेसाठी बनलेला. तिथे त्याचं जमलं नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला काउंटी डोनेगल रेल्वेनं तो घेतला, आत गार्डनरचं डिझेल इंजिन बसवलं आणि पुढे कित्येक वर्षं ३ फुटी रुळांवर शंटिंगला राबवला. ऑस्ट्रेलियातली ७३ क्लासची डिझेल-हायड्रॉलिक (डिझेलची ताकद द्रवातून चाकांपर्यंत नेणारी) इंजिनं १९७० ते १९७३ मध्ये क्वीन्सलँडच्या मेरीबरो गावात वॉकर्सनी बांधली, एकूण ५०, न्यू साउथ वेल्सच्या स्टँडर्ड गेजसाठी. निवृत्तीनंतर त्यांतली बरीचशी उसाच्या कारखान्यांनी उचलली आणि ६१० मि.मी.वर आणली. गेज निम्म्याहून कमी, अंगावरची पेटी मात्र मोठ्या गाडीची. या लोकांनी कुठे कुठे हात घातला ते पाहिलं की आपल्या टेबलावरचा दोष शोधायला दिशा मिळते.

आधी वही, मग पाना

माझं इंजिन १:८७ चं, चार चाकांचं, ९ मि.मी. गेजवरचं. बॉडी ७० मि.मी. लांब, चाकांच्या दोन जोड्यांमधलं अंतर, म्हणजे चाकांतर, फक्त २० मि.मी. म्हणजे दोन्ही बाजूंना २५-२५ मि.मी. पेटी हवेत. चेहरामोहरा पहिल्या महायुद्धातल्या, रुळांवर चालणाऱ्या बाल्डविन ट्रॅक्टरवरून घेतलेला.

शेवटी शहाणपण सुचलं तेव्हा वहीत चार रकाने आखले: एकटं, डबे ओढताना, डबे ढकलताना, आणि इंजिन उलटं फिरवून ठेवून. प्रत्येकी वीस फेऱ्या, एकाच वेगानं. एकटं असताना एकदाही उतरलं नाही. तीन डबे ओढताना एकदा उतरलं. तीन डबे ढकलताना अकरा वेळा. उलटं फिरवल्यावर दोष इंजिनाबरोबर फिरला, रुळाबरोबर राहिला नाही. एवढ्यानंच पॉइंट निर्दोष सुटला.

ही वही टाळू नका. नुसतं "कधीकधी उतरतं" असं सांगणाऱ्याला कुणीच मदत करू शकत नाही. तो स्वतःसुद्धा नाही. कुठला ॲक्सल आधी उतरतो तेही बघा. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. मोबाइल रुळाच्या पातळीला आडवा ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं की चाक फ्रॉगवर (पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकावर) *आदळून* उडतं की चेकरेलवर (चाकाला वाट दाखवणाऱ्या आतल्या पट्टीवर) *चढून* उतरतं हे स्पष्ट दिसतं. दोन्हींची कारणं उलटी आहेत.

बॅक-टू-बॅक: मोजता, पण कसं?

दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर म्हणजे बॅक-टू-बॅक. ९ मि.मी. रुळांवर ते साधारण ७.४ ते ७.६ मि.मी.मध्ये असावं. फ्रॉगपाशी चाकांच्या पाठी दोन पट्ट्यांना घासून जातात, एकीकडे चेकरेल, दुसरीकडे फ्रॉगलगतची विंगरेल. चाकांची जोडी या दोन्ही पट्ट्यांना कवेत घेऊन पुढे सरकते. पाठींमधलं अंतर कमी झालं की पट्ट्या कवेत मावत नाहीत आणि चाक वर चढतं. अंतर जास्त झालं की चेकरेल चाकाला पुरेसं बाजूला ओढून धरत नाही आणि फ्लॅन्ज (चाकाची बाहेर आलेली कड) फ्रॉगच्या टोकावर आपटते. माझ्या चित्रणात चाक चढत होतं. म्हणजे अंतर कमी. मोजलं, ७.१ भरलं. ते ७.५ केलं. हे मी याआधीही सहा वेळा केलं होतं.

चूक मोजण्यात होती. कॅलिपर एकदा लावायचा आणि आकडा बघून खूश व्हायचं, एवढंच मी करत होतो. आता तीन गोष्टी करतो. चाक पाव-पाव फेरा फिरवून चार जागी मोजतो. चारही आकडे जुळले नाहीत तर चाक डोलतं आहे. मग दोन्ही चाकं अंगठा आणि तर्जनीत धरून आत दाबतो आणि *दाबलेल्या स्थितीत* मोजतो. शेवटी बाहेर ओढून मोजतो. दाबून आणि ओढून आकडा बदलला, तर चाक ॲक्सलवर पक्कं नाही आणि तुम्ही काल केलेली दुरुस्ती उद्यापर्यंतचीच आहे. माझ्या पुढच्या ॲक्सलवर सहज ठेवून ७.५, दाबून ७.३. ०.२ मि.मी. चाल. मागचा ॲक्सल खडकासारखा.

नळीतली भेग

बऱ्याच एन गेज यंत्रणांत ॲक्सल अखंड नसतो. दोन अर्धे तुकडे असतात, प्रत्येकाला एक चाक, आणि दोन्ही तुकडे मधल्या प्लॅस्टिकच्या गिअरच्या नळीत दोन्हीकडून दाबून बसवलेले असतात. डावं चाक एका रुळातून वीज घेतं, उजवं दुसऱ्यातून; मधलं प्लॅस्टिक दोघांना वेगळं ठेवतं. रचना झकास आहे, पण ते प्लॅस्टिक कायम ताणाखाली असतं, आणि वर्षांनुवर्षं ताणाखाली राहिलेली नळी एक दिवस लांबीत तडकते.

ही भेग उघड्या डोळ्यांना दिसत नाही. भिंगाखाली, गिअरच्या दोन दातांच्या मधल्या खाचेत, केसासारखी रेघ दिसते. ती शोधायची एक स्वस्त युक्ती आहे. भेगेमुळे त्या जागचे दोन दात किंचित फाकतात आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला इंजिन एक बारीक हिसका देतं. इंजिन अगदी सावकाश चालवायचं, रुळाशेजारी कागदाची पट्टी ठेवायची आणि प्रत्येक हिसक्याला पेन्सिलीनं खूण करायची. माझ्या चाकाचा व्यास ५.६ मि.मी., म्हणजे परीघ १७.६. खुणा साडेसतरा-अठरा मि.मी.वर पडल्या. म्हणजे ॲक्सल. खुणा याहून खूप जवळजवळ पडल्या असत्या तर वर्म (मोटरवरचा स्क्रूसारखा गिअर) किंवा मोटर पाहिली असती.

आता करू नये ते आधी सांगतो, कारण मी ते सगळं केलं आहे. सुपरग्लू: असे गिअर बहुधा ॲसिटल या प्लॅस्टिकचे असतात आणि ॲसिटलला तो धरत नाही. वर त्याचा ओघळ बेअरिंगमध्ये गेला की ॲक्सलच जाम. नळीवर पितळी कडी चढवणं: कडी दोन्ही अर्ध्या ॲक्सलना शिवली की सरळ शॉर्ट सर्किट. ॲक्सलवर पक्कडीनं खाचा पाडून तो घट्ट करणं: भेग आणखी उघडते.

उपाय एकच, नवा गिअर. तो बसवण्याआधी भोक तपासा. नवा गिअरही तितकाच घट्ट असला तर तोही तडकणार, फक्त उशिरा. भोकात रीमर हातानंच हलकेच फिरवून ते नावाला मोठं करायचं, इतकंच की ॲक्सल अंगठ्याच्या जोरानं जाणार नाही पण शेगड्याच्या (व्हाइसच्या) हलक्या दाबानं जाईल. चाकांच्या मध्ये ७.५ मि.मी. रुंदीचा पितळी तुकडा ठेवून दाबलं की अंतर आपोआप बरोबर येतं आणि चाक तिरपं बसत नाही. ठोकू नका. हातोडीचा एक घाव आणि चाक कायमचं डोलकर.

इथे बरेच जण थांबतात. मीही थांबलो होतो. नवा गिअर घातला, तीन आठवडे सुखाचे गेले, आणि दाबून मोजल्यावर पुन्हा ७.४. भेग नव्हती. चाक नुसतंच आत सरकायला लागलं होतं.

मग चाकाला आत ढकलत कोण होतं?

चाकाला आत ढकलणारी एकच गोष्ट असते: रूळ. वळणावर बाहेरच्या रुळाची आतली बाजू फ्लॅन्जला आत रेटते. एकट्या इंजिनाला हा रेटा किरकोळ. मग डबे ढकलतानाच तो इतका का वाढावा? याचं उत्तर बॉडीच्या लोंबत्या टोकात होतं.

वळणावर चाकं रुळाच्या मध्यरेषेवर राहतात, पण बॉडीचं टोक बाहेर झेपावतं. किती, ते सोप्या गणितानं निघतं: एकूण लांबीच्या वर्गातून चाकांतराचा वर्ग वजा करायचा आणि त्रिज्येच्या आठपटीनं भागायचं. माझ्या वळणाची त्रिज्या २२८ मि.मी. ४९०० वजा ४००, भागिले १८२४: जवळपास २.५ मि.मी. शेजारचा छोटा डबा ४० मि.मी. लांब, चाकांतर २५. त्याचं टोक फक्त अर्धा मि.मी. झेपावतं. एकाच वळणावर दोघे असले तर कपलिंगना, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या हुकांना, २ मि.मी. बाजूला सरकावं लागतं. पण तो कुप्रसिद्ध पॉइंट सायडिंगकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे, वळतो आणि लगेच उलट वळण घेतो. तिथे इंजिन एका बाजूला झेपावतं, डबा दुसऱ्या, आणि फरक होतो ३ मि.मी. माझं कपलिंग दोन्हीकडे जेमतेम १ मि.मी. हलत होतं.

उरलेले २ मि.मी. कुठून येणार? कपलिंग अडलं की ओढाओढ चाकांवर येते. २५ मि.मी.च्या लोंबत्या दांड्याच्या टोकाला लावलेला आडवा जोर, आणि त्याला तोलायला २० मि.मी.वरची दोन चाकं. पुढची चाकं आत रेटली जात होती, रोज थोडी थोडी. पंधरा दिवसांत पाठींमधलं अंतर एवढं कमी व्हायचं की चेकरेल कवेत मावायची नाही. मग मी अंतर नीट करायचो आणि नवा पंधरवडा सुरू व्हायचा.

वेल्समधल्या फेस्टिनिओग रेल्वेवरचं 'मोएल्विन' इथे आठवतं. तेही १९१८ चं बाल्डविन, फ्रेंचांसाठी बनलेला पेट्रोल ट्रॅक्टर. १९२५ मध्ये ते फेस्टिनिओगवर आलं, १९५० च्या दशकात त्यात गार्डनरचं डिझेल बसलं, आणि मूळच्या चार चाकांच्या पुढे एक पोनी ट्रक, म्हणजे इंजिनाला वाट दाखवणारी छोट्या चाकांची वेगळी जोडी, जोडला गेला. आज पाहिलं तर त्या छोट्या ट्रॅक्टरच्या नाकाखाली ती इवलीशी चाकं गमतीदार दिसतात. पण आखूड चाकांतरावर लांब नाक घेऊन फिरणाऱ्या कुणालाही त्यांचं अप्रूप कळेल.

मी दोन गोष्टी केल्या. कपलिंग बॉडीच्या टोकावरून काढलं आणि त्याची दांडी लांब करून चासीवर ॲक्सलच्या जवळ, इंजिनाच्या मध्यापासून १४ मि.मी.वर खिळवली. त्या जागी चासी मध्यरेषेपासून ०.२ मि.मी.च ढळते, त्यामुळे आडवा जोर जवळपास संपतो. बॉडीच्या टोकाला दांडीसाठी दोन्हीकडे ३ मि.मी.ची मोकळी खाच कापली. फक्त एक सांभाळा: अशी मोकळी दांडी ढकलताना कोपर मोडल्यासारखी एका बाजूला वळते. तिला मध्यावर आणायला बारीक पोलादी तार लागते. गिटारची सगळ्यात पातळ तार उत्तम चालते. तार इतकी मऊ हवी की फुंकर मारल्यावर नाही, पण बोट लावताच दांडी हलेल.

दुसरं, तोल. इंजिन पेन्सिलीवर आडवं ठेवून पाहिलं. तोलाचा बिंदू चाकांच्या मध्यापासून ६ मि.मी. पुढे होता. दिसायला क्षुल्लक, पण २० मि.मी.च्या चाकांतरात त्याचा अर्थ पुढच्या ॲक्सलवर ८० टक्के वजन आणि मागच्यावर २०. मागची चाकं रुळावर केवळ पाहुणी. बॉनेटमधलं शिसं काढून केबिनच्या जमिनीखाली टाकलं. छतात शिसं भरण्याचा मोह अनेकांना होतो कारण तिथे जागा असते. रुळांच्या मध्यरेषेपासून प्रत्येक रूळ फक्त साडेचार मि.मी.वर आहे हे लक्षात ठेवा. छतात भरलेला प्रत्येक ग्रॅम इंजिन कलंडवायला टपलेला असतो.

पोनी ट्रकही लावला, पण तो निव्वळ हौस. वजन न घेणारा पोनी ट्रक स्वतःच आधी रूळ सोडतो, म्हणून त्यावर मऊ स्प्रिंग द्यावी लागली.

तीन ॲक्सलच्या बोगीचं वेगळंच दुखणं

हार्त्सकामेल, म्हणजे 'हार्त्सचा उंट', या टोपणनावाची इंजिनं १२ मि.मी.वर बनवणाऱ्यांची तक्रार वरवर तीच वाटते, पण मूळ निराळं असतं. पूर्व जर्मनीच्या रेल्वेनं स्टँडर्ड गेजच्या ११० क्लासची, म्हणजे व्ही १०० ची, १० इंजिनं १९८८ ते १९९० मध्ये हार्त्स पर्वतातल्या मीटरगेजसाठी बदलली. नुसती चाकं जवळ आणून भागलं नसतं. मूळ इंजिन चार ॲक्सलवर उभं, प्रत्येक ॲक्सलवर १६ टनांच्या आसपास. हार्त्सचा रूळ १० टनांचाच. म्हणून दोन ॲक्सलच्या बोग्या काढून तीन ॲक्सलच्या नव्या बनवल्या. ६० टन, सहा ॲक्सल, प्रत्येकी १० टन. वर तीच मोठी बॉडी.

मॉडेलात ही तीन ॲक्सलची बोगी ताठ बनवली की घात होतो. मधलं चाक ०.१ मि.मी. जरी खाली आलं तरी बोगी झोपाळ्यासारखी त्याच्यावर झुलते आणि पुढचं चाक वजनाविना तरंगतं. तपासायला बोगी काचेवर ठेवा आणि प्रत्येक चाकाखाली पतंगी कागदाची पट्टी सरकवा. जी पट्टी अलगद निघून येते ते चाक फक्त शोभेचं. पुढच्या चाकाखालची पट्टी सुटली तर दोष सापडला. मधल्या ॲक्सलची बेअरिंगची भोकं उभ्या दिशेत कानशीनं जराशी लांबट करा, म्हणजे तो स्वतःच्या वजनावर खालीवर होईल.

आडवी मोकळीकही हवी. ३६ मि.मी.ची बोगी ३५० मि.मी. त्रिज्येच्या वळणावर गेली की मधला ॲक्सल सुमारे अर्धा मि.मी. बाजूला जायला बघतो. गिअर टॉवर (चाकांपर्यंत गती नेणारी गिअरची उभी पेटी) अरुंद करताना सगळ्यांचं लक्ष चाकं आत बसवण्याकडे असतं आणि हा अर्धा मि.मी. कुणाला आठवत नाही. मग इंजिन सरळ रुळावर राजासारखं आणि वळणावर कण्हत.

रॉडवाली इंजिनं

ऑस्ट्रियाची २०९५ क्लासची डिझेलं, १९५८ ते १९६२ मध्ये बांधलेली १५ इंजिनं, ७६० मि.मी. गेजवरची. डिझेल-हायड्रॉलिक असूनही बोगीतली चाकं बाहेरच्या रॉडनी जोडलेली, म्हणून बघणाऱ्याला ती निम्मी वाफेची वाटतात. असं काही बनवलं आणि ते दर काही दिवसांनी अडखळायला लागलं, तर गिअरकडे जाण्याआधी रॉड काढून चालवा. रॉडविना सुरळीत धावलं तर एखादा क्रँक (ॲक्सलच्या टोकाचा, रॉड धरणारा हात) ॲक्सलवर फिरला आहे आणि डाव्या-उजव्या बाजूचा ९० अंशांचा मेळ बिघडला आहे. ज्यात सगळी चाकं आधीच गिअरनं फिरतात त्यात रॉडनी काही काम करायचंच नसतं. त्यांची भोकं पिनेपेक्षा ठळक मोठी ठेवा. दिसायला काही बिघडत नाही. घट्ट रॉड मात्र प्रत्येक फेऱ्याला क्रँकला थोडा थोडा पिळतो आणि मेळ बसवला तरी पुन्हा सुटतो.

फ्रॉगवर अडकून थांबणं हा रूळ सोडण्याचा चुलतभाऊ. २० मि.मी. चाकांतराच्या इंजिनाला प्लॅस्टिकचा फ्रॉग ओलांडताना एकच चाक उचललं गेलं तरी वीज तुटते. फ्रॉगला वीज द्या, किंवा डीसीसी (डिजिटल नियंत्रण) असेल तर क्षणभर वीज साठवणारा कपॅसिटर जोडा. पण तोल सुधारल्यावर माझ्या इंजिनाचं हे थांबणंही निम्म्यावर आलं, म्हणून कपॅसिटरच्या मागे धावण्याआधी पतंगी कागदाची परीक्षा घ्या.

माझं इंजिन आता तीन महिने चालू आहे. ढकलण्याच्या वीस फेऱ्यांत एकदाही उतरलं नाही. परवा पुढचा ॲक्सल पुन्हा मोजला: सहज ठेवून ७.५, दाबून ७.५, ओढून ७.५, चारही जागी. पोनी ट्रक मात्र अजून महिन्यातून एकदा उतरतो. त्याची स्प्रिंग बहुधा अजून जास्त दाबते, या रविवारी अर्धा वेढा कापून बघणार आहे.